आधी चारी, मग धरण

भाचीबाई,

सकाळी तुझा फोन आला, तेव्हा 'मामा' एवढं म्हणालीस तरी कळलं की काहीतरी अडलंय. रात्री कॉम्प्युटरवर विंडोज ११ घातलंस, सकाळी सेवा केंद्राचं शटर वर केलंस आणि नेट नाही. दारात सातबारा, उत्पन्नाचा दाखला आणि पीएम-किसानची केवायसी घेऊन माणसं उभी. वर तुझं म्हणणं, "वायर तर लावलेलीच आहे, कालपर्यंत सगळं चालत होतं." बाई गं, हे वाक्य मीही बोललोय, तेही पुष्कळदा. विंडोज १० ला सांभाळणं कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलं, तेव्हापासून माझा फोन याच कामासाठी वाजतोय.

आबा, म्हणजे तुझे आजोबा, यांचं वावर नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला. तो कालवा इंग्रजांच्या काळातला, १८८५ च्या सुमाराचा, आणि इंदापूरकडच्या माणसाला 'टेलला पाणी पोचलं का' हा प्रश्न जन्मापासून पाठ. आवर्तन सुटूनही वावरात पाणी आलं नाही, तर आबा वीर धरणाच्या नावानं बोटं मोडत बसायचे नाहीत. खोरं खांद्यावर टाकून आधी आपली चारी बघायचे, मग फाट्याचं दार, मग कालवा. बहुतेक वेळा चारीतच पाचट तुंबलेलं निघायचं. नेटचंही तसंच बघायचं असतं. खाली लिहितोय ते याच क्रमानं कर, आणि दारातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी बसायला खुर्च्या दे. ते रोज बुडवून आलेत.

१. कॉम्प्युटर 'रीस्टार्ट' कर, 'शट डाउन' करून परत चालू करू नकोस — शट डाउनमध्ये विंडोज बऱ्याचदा पुरतं बंद होत नाही, लवकर उठता यावं म्हणून अर्धवट झोपतं, आणि उठताना कालचं दुखणं तसंच घेऊन उठतं.

२. मोबाइल केंद्राच्या वायफायला जोड, मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद कर आणि एखादी साइट उघडून बघ — उघडली तर कालव्याला पाणी आहे, तुंबलंय ते तुझ्या चारीत.

३. मोबाइलवरही काही आलं नाही, तर फायबरच्या डब्यावर 'एलओएस' असं लिहिलेला दिवा बघ. तो लाल असेल तर विंडोजला हातसुद्धा लावू नकोस — फायबर बाहेर कुठंतरी तुटलीय. गाळपाच्या दिवसांत उंच भरलेली उसाची ट्रॉली रस्त्यावरून गेलेली तार ओढून नेते, हे तू डोळ्यांनी बघितलंयस.

४. टॉर्च घे, वाक, आणि कॉम्प्युटरच्या मागं वायर जिथं शिरते तिथले दोन बारीक दिवे बघ. मग दुसऱ्या टोकाला राउटरचेही बघ — दिवा पेटलेला असेल तर दोन्ही टोकं एकमेकांना ओळखतायत, नसेल तर वायर, भोक किंवा ड्रायव्हर यांतलं काहीतरी गेलंय. दिवा बोलत असताना माणसानं अंदाज बांधू नये.

५. दोन्ही टोकांचे जॅक काढून 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसव — खटका मोडलेला जॅक बसल्यासारखा दिसतो, पण केर काढताना झाडू लागला तरी सुटतो.

६. मग वायर बदलून बघ, मग राउटरचं भोक बदलून बघ, पण एका वेळी एकच — दोन औषधं एकदम दिली तर गुण कुठल्याचा, हे वैद्यालाही सांगता येत नाही.

७. सगळं बंद करून चालू करायची वेळ आली, तर आधी फायबरचा डबा, त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर, आणि शेवटी कॉम्प्युटर — तपासायचं शेपटाकडून, सोडायचं मात्र मुखाकडून. राउटर उठायच्या आधी कॉम्प्युटर उठला, तर पत्ता द्यायला तिथं कुणीच नसतं.

आता जरा थांब, एक घडलेली गोष्ट सांगतो. जानेवारी २०२० मध्ये विंडोज ७ चे दिवस संपले, तेव्हा बारामतीतल्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटरांवर विंडोज १० घालत होतो. हिशेबाच्या खोलीतल्या एका मशीनचं नेट अपग्रेडनंतर दर दोन-चार मिनिटांनी जायचं आणि यायचं. मी दोन दिवस ड्रायव्हरच्या मागं लागलो. तीन वेगवेगळे ड्रायव्हर घातले, एकदा तर सगळं विंडोज पुसून नव्यानं टाकलं. तिकडं हिशेबाच्या बाई पगाराची बिलं हातानं लिहीत बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी दोघांनी मिळून लोखंडी कपाट पुढं ओढलं. मागं भिंतीच्या कडेला वीतभर वायर उंदरानं सोललेली. तपकिरी जोडी पार तुटलेली, निळ्या जोडीचं तांबं उघडं पडून हिरवट झालेलं. नारिंगी आणि हिरवी तेवढी शाबूत होती.

मग ही वायर आधी कशी चालत होती? तर कुणीतरी मागं कधीतरी त्या मशीनच्या नेट कार्डाचा वेग हातानं शंभर एमबीपीएसवर बांधून ठेवला होता. शंभरच्या वेगाला आठातल्या चारच तारा लागतात, नारिंगी आणि हिरवी जोडी. अपग्रेडनं नवा ड्रायव्हर आणला आणि बांधलेला वेग सोडून दिला. कार्ड हजाराला भिडायला लागलं, आणि हजाराला आठही तारा धड लागतात. जोडायचं, सुटायचं, परत जोडायचं. उंदरानं तार कधीचीच खाल्ली होती, अपग्रेडनं फक्त वरचं झाकण काढलं. त्या दिवसापासून मी आधी कपाट सरकवतो, मग माऊस धरतो.

८. सेटिंग्जमध्ये 'इथरनेट' उघडून 'लिंक स्पीड' बघ, आणि कार्ड, राउटर दोन्ही हजाराचे असून तिथं १०० दिसलं तर वायर संशयित धर — जोडी तुटलेली वायर नेट पूर्ण घालवत नाही, लंगडत चालते, आणि लंगडणाऱ्याकडं कुणाचं लक्ष जात नाही.

वायर चोख आणि दिवेही चोख असतील, तरच आता कॉम्प्युटरच्या आत शीर.

९. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघड आणि 'नेटवर्क ॲडॅप्टर्स' बघ. तिथं पिवळा त्रिकोण असेल, किंवा खाली 'अदर डिव्हायसेस'मध्ये नुसतं 'इथरनेट कंट्रोलर' पडलेलं असेल, तर दुखणं सापडलं — विंडोजला कार्ड दिसतंय, पण त्याच्याशी बोलायची भाषा, म्हणजे ड्रायव्हर, त्याच्याकडं नाही.

१०. कार्डावर नाव आहे पण ते फिकं झालंय आणि खाली बाण आहे, तर उजवी क्लिक करून 'एनेबल' कर — ते बिघडलेलं नाही, नुसतं बंद आहे. हे इतकं सोपं असतं म्हणूनच सगळ्यात शेवटी आठवतं.

११. ड्रायव्हर आणायला नेट हवं आणि नेटला ड्रायव्हर हवा, या फेऱ्यात अडकलीस तर मोबाइल चार्जिंगच्या वायरीनं कॉम्प्युटरला जोड आणि मोबाइलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू कर — अँड्रॉइड फोनला विंडोज सहसा आपोआप ओळखतं. दारातल्या माणसांची चार कामंही त्यावर उरकतील, तेवढ्यानं तुझाही जीव थाऱ्यावर येईल.

१२. ड्रायव्हर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर टाकूनच घे — रिअलटेक काय, इंटेल काय, एका नावाखाली कितीतरी कार्डं असतात, आणि शेजारच्याचा चष्मा आपल्याला लागत नाही.

१३. ड्रायव्हर आहे पण अपग्रेडनंतर रुसलाय, असं वाटलं तर त्याच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दाब. ते बटण फिकं असेल तर 'अनइन्स्टॉल' करून रीस्टार्ट कर — विंडोज कार्ड नव्यानं शोधतं. पण त्याआधी ड्रायव्हरची फाइल पेन ड्राइव्हवर घेतलेली असू दे.

१४. जाहिरातीत दिसणारं 'ड्रायव्हर अपडेटर' चुकूनही घेऊ नकोस — नेट येईल न येईल, पाहुणे मात्र घरात शिरतील.

१५. 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड दिसतोय, दुरुस्त करून देतो' असा कुणाचा फोन आला तर स्क्रीन ताब्यात देऊ नकोस, फोन ठेव. फसगत झालीच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० ला कळव — तुझ्या मशीनवर गावाचे आधार नंबर आणि बँकेचे तपशील येतात-जातात. ती लोकांची ठेव आहे, बाळ, आपली नाही.

१६. जुना अँटीव्हायरस किंवा व्हीपीएन असेल तर तो काढून बघ, नुसता बंद करू नकोस — हे नेटच्या वाटेत नाका टाकून बसतात. अपग्रेडनं वाट सरकली तरी नाका जुन्या जागीच राहतो आणि गाडी पुढं जात नाही.

१७. काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, 'आयपीकॉन्फिग' टाइप कर आणि पत्ता वाच. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर समज — कॉम्प्युटरनं 'मला पत्ता द्या' म्हणून हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही, मग त्यानं स्वतःच एक पत्ता लावून घेतला. म्हणजे वायरीकडं किंवा राउटरकडं परत जा.

१८. त्याच खिडकीत 'आयपीकॉन्फिग'ला आधी 'रिलीज' आणि मग 'रिन्यू' जोडून दे, दोन्हींच्या आधी तिरकी रेघ विसरू नकोस — जुना पत्ता टाकून नवा मागायचा हा सरळ रस्ता.

१९. तुझ्याकडं पत्ता हातानं घातलेला असेल, तर अपग्रेडनंतर तो जागेवर आहे का ते बघ, आणि दुसऱ्या कुठल्या मशीनला किंवा प्रिंटरला तोच दिलेला नाही ना, तेही बघ — एका नंबरची दोन घरं झाली की पोस्टमन दोन्हीकडं चकरा मारतो.

२०. मग पायरीपायरीनं 'पिंग' कर. पहिलं १२७.०.०.१, दुसरं 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून दिसतो तो राउटरचा पत्ता, तिसरं ८.८.८.८, चौथं एखाद्या साइटचं नाव — पहिलं म्हणजे आपलं घर, दुसरं चारी, तिसरं कालवा. ज्या पायरीवर उत्तर थांबेल, त्याच्या अलीकडंच खोरं चालव.

२१. आकडा पिंग होतो पण नाव होत नाही, तर दोष डीएनएसचा. सेटिंग्जमध्ये डीएनएस 'ऑटोमॅटिक' कर, किंवा ८.८.८.८ घालून बघ — पाणी आलंय, फक्त कुणाचं वावर कुठलं हे सांगणारा पाटकरी जागेवर नाही.

२२. कोपऱ्यातलं घड्याळ आणि तारीख बघ — तारीख मागं गेली असेल तर सरकारी साइट, बँकेची साइट दार उघडत नाहीत आणि आपण नेटला शिव्या देतो. लाइट गेली की दर वेळी तारीख चुकत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा गोल सेल बदल.

२३. नेट आलं पण प्रिंटर सापडत नाही, असं झालं तर इथरनेटच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क 'पब्लिक' झालंय का बघ आणि 'प्रायव्हेट' कर — अपग्रेडनंतर विंडोज कधीकधी आपल्याच घराला एसटी स्टँड समजतं आणि ओळखीच्यांनाही दार लावतं.

२४. दहा मिनिटं काम थांबलं की नेट जातं, अशी खोड लागली तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट'मधली पहिली खूण काढून टाक — वीज वाचवायला कॉम्प्युटर कार्डाला झोपवतो, आणि सगळीच कार्डं हाक मारल्यावर उठत नाहीत.

२५. थंब मशीन चालेना म्हणून नेटला दोष देऊ नकोस — त्याचा ड्रायव्हर वेगळा, आरडी सर्व्हिस वेगळी. ती अपग्रेडनंतर नव्यानं टाकावी लागू शकते.

२६. 'नेटवर्क रीसेट' हे बटण सगळ्यात शेवटी — ते हातानं घातलेले पत्ते, वायफायचे पासवर्ड, व्हीपीएन, सगळं धुऊन काढतं. आधी या सगळ्याचा मोबाइलनं फोटो, मग रीसेट.

२७. काहीच जमलं नाही तर सेटिंग्जमध्ये 'सिस्टम', तिथं 'रिकव्हरी', तिथं 'गो बॅक' — अपग्रेडनंतर दहा दिवस जुनं विंडोज कॉम्प्युटरनं राखून ठेवलेलं असतं. म्हणून पहिल्या दहा दिवसांत जागा मोकळी करायच्या नादात 'प्रीव्हियस विंडोज' पुसू नकोस. मागं फिरण्यात कमीपणा नाही, दारातली माणसं खोळंबण्यात आहे.

हेही सांगतो, कधीकधी खरोखरच धरणातच खोट असते. २०१६ च्या फेब्रुवारीत ॲपलचा एक सुरक्षा अपडेट आपोआप उतरला आणि त्यानं पुष्कळ मॅक कॉम्प्युटरांचा तारेच्या नेटचा ड्रायव्हरच अडवून ठेवला. वायफाय चालू, तार मेली. लगेच कंपनीनं दुरुस्ती सोडली, पण ती मिळवायलाही नेट हवंच, म्हणून लोकांना वायफायवरून ती उतरवून घ्यावी लागली. त्याआधी २००८ मध्ये लिनक्सच्या एका चाचणीच्या आवृत्तीनं इंटेलच्या काही कार्डांची आतली नोंदच खराब केली होती. म्हणून नवी आवृत्ती निघाली त्याच रात्री घेऊ नये. चार आठवडे जाऊ द्यावेत, पहिली ऊसगाडी दुसऱ्याच्या रस्त्यानं जाऊ द्यावी.

२८. तुझ्या भावानं उबंटू घातलंय, त्यालाही सांग: अपग्रेडनंतर तार मेली तर चालू होताना 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडून बघ — जुन्यावर नेट आलं तर दोष नव्या कर्नलच्या ड्रायव्हरचा, वायर सोलायचं कारण नाही. जुन्या फाइलीत कार्डाचं नाव 'ईटीएच०' लिहिलेलं आणि मशीन त्याला आता 'ईएनपी३एस०' म्हणतंय, असंही होतं — हाक चुकीच्या नावानं मारली तर कोण येणार?

आता आपल्या भागाचं बोलू. एप्रिल-मे मध्ये वळीव येतो, तो विजा घेऊनच. तू कॉम्प्युटरचा प्लग काढतेस, मी बघितलंय, शाबास. पण नेटची वायर तशीच राहते, आणि वीज तीच वाट धरून कार्डात शिरते. असं जळालेलं कार्ड वरून अगदी चांगलं दिसतं, आणि नेमकं त्याच आठवड्यात अपग्रेड झालं असलं तर सगळा आळ अपग्रेडवर जातो.

२९. ढग गडगडले की प्लगच्या बरोबर नेटची वायरही काढ — विजेला बटण बंद आहे की चालू, याच्याशी देणंघेणं नसतं.

३०. केंद्रातून शेजारच्या गोडाऊनला नेट न्यायचंय म्हणालीस, तर दोन इमारतींमध्ये तांब्याची वायर टाकू नकोस, फायबर टाक — काचेतून वीज धावत नाही. आणि तांब्याची वायर तशीही १०० मीटरच्या पुढं भरवशाची नाही.

३१. कार्ड जळलंच असेल तर यूएसबीला लागणारं लॅनचं छोटं ॲडॅप्टर एक घेऊन ठेव — मदरबोर्ड दुकानात जाऊन येईपर्यंत केंद्र चालू राहतं.

आणि पुढच्या खेपेला, अपग्रेडच्या आधी:

३२. 'आयपीकॉन्फिग'ला तिरकी रेघ देऊन 'ऑल' जोडल्यावर जे येईल त्याचा मोबाइलनं फोटो काढ आणि कागदावर लिहून कॉम्प्युटरच्या अंगाला चिकटव — मोबाइल हरवतो, कागद तिथंच राहतो.

३३. नेट कार्डाचा ड्रायव्हर आधीच पेन ड्राइव्हवर घे आणि त्या पेन ड्राइव्हला लाल दोरा बांध — केंद्रात सहा पेन ड्राइव्ह आहेत, पाच गाणी आणि लग्नाच्या फोटोंचे.

३४. अपग्रेड शनिवारी संध्याकाळी कर, दाखल्यांची गर्दी असते त्या आठवड्यात नाही — बारावीच्या निकालानंतर उत्पन्नाचा दाखला एक दिवस उशिरा मिळाला तर कुणा पोरीचा प्रवेश लटकतो.

३५. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना एकच आकडा लिहिलेला कागद चिकटव, आणि काय बदललं ते वहीत वेळेसकट लिही — फोनवर मला 'ती निळी वायर' सांगतेस, आणि तुझ्याकडं चार निळ्या वायर आहेत.

३६. नेटवाल्याला फोन करशील तेव्हा कुठला दिवा कुठल्या रंगाचा, मोबाइलवर चालतंय का आणि पिंग कुठल्या पायरीवर थांबतो, एवढं सांग, आणि खांबावर चढणाऱ्या पोराला चहा विचार — नेमकं सांगणाऱ्याकडं तो नेमकं सामान घेऊन येतो.

आज निदान पंधराव्या मुद्द्यापर्यंत जा आणि मला कळव. माझा अंदाज नवव्यावर आहे, पण अंदाजाचं मी तुला वर काय सांगितलंय ते आठव, आधी टॉर्च घे. रविवारी भवानीनगर, लासुर्णे करत तुझ्याकडं येतोच. क्रिम्पिंगचा चिमटा आणि नवे जॅक घेऊन येतो, तुझ्या हातानं एक टोक करून घ्यायचंय. जॅकचा खटका खाली ठेवायचा आणि डावीकडून तारा लावायच्या: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. रविवारपर्यंत पाठ करून ठेव. आईला सांग, जेवायला फक्त पिठलं-भाकरी कर, आणि कपाट सरकवायला भावाला घरी थांबव.

तुझा मामा